आत्ता नको असलेली पानं

महाडच्या बाजारपेठेत जुन्या दुकानांना माळा असतो. सावित्री आणि गांधारी नद्यांच्या काठी वसलेल्या या गावाला पुराची सवय आहे. २००५ आणि २०२१ च्या जुलैतले पूर तर कुणीच विसरलेलं नाही. म्हणून आषाढाच्या तोंडावर दुकानदार तळमजला हलका करू लागतो. रोज उठणारा माल खालीच लागतो, नाहीतर गिऱ्हाईक खोळंबतं. ज्याला महिना महिना हात लागत नाही तो आधी वर जातो. जिना अरुंद असतो, त्यामुळे चुकीचं पोतं वर गेलं तर ते तासाभरात पुन्हा खाली उतरवण्याचा ताप होतो. आणि खाली एक कोपरा मोकळा ठेवावाच लागतो, कारण टेम्पो आला तर माल उतरवायचा कुठे?

संगणकाच्या पोटात हाच हिशेब सेकंदाला कित्येकदा चालतो. वेगवान मेमरी महाग आणि तोकडी, डिस्क मोठी पण संथ. प्रोग्राम जागा मागत राहतात, घेतलेली जागा आपण होऊन क्वचितच सोडतात. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमला ठरवावं लागतं की कोणाकडून, कोणती, किती जागा परत घ्यायची. साठ वर्षांहून जुन्या या प्रश्नाचा इतिहास सहसा मोठ्या यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. मला तो तोकड्या यंत्रांचा वाटतो. ज्यांच्याकडे मेमरी कमी होती त्यांच्या अडचणीतूनच यातली बहुतेक पावलं पडली, आणि त्यातला एक प्रसंग आपल्या रायगड जिल्ह्यात घडलेला आहे.

सुरुवातीला हे काम माणूसच करत असे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला; पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्याची फेराइट कड्यांची मेमरी होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात सगळी मिळून दहा किलोबाइट. मोबाइलवर आलेला सुप्रभातचा एखादा फोटो त्यात मावणार नाही. त्या काळच्या यंत्रांवर मोठं गणित घालायचं तर प्रोग्राम लिहिणाराच त्याचे तुकडे पाडी. एका तुकड्याचं काम झालं की त्याच जागेत दुसरा तुकडा भरायचा, मधली उत्तरं कुठे ठेवायची ते कागदावर मांडायचं. गणित भौतिकशास्त्राचं, पण त्यातला बराच वेळ जागेच्या व्यवस्थेत जाई. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे कितीतरी मोठं यंत्र आलं. जागा वाढली, पण तुकडे पाडण्याचं काम माणसाच्या डोक्यावरून उतरलं नाही.

ते उतरवणारा संगणक तेव्हा मँचेस्टरला उभा राहिला होता. मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरान्टी कंपनीने मिळून बांधलेल्या ‘ॲटलस’चं उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झालं. टॉम किलबर्न हे त्यामागचं मुख्य डोकं. ॲटलसमध्ये फेराइट मेमरी होती १६,३८४ शब्दांची आणि फिरत्या चुंबकी पिंपावर आणखी ९८,३०४ शब्द. किलबर्न यांच्या चमूने या दोन्हींची ५१२-५१२ शब्दांची पानं पाडली. प्रोग्राम लिहिणाऱ्याला एकच सलग मोठी मेमरी दिसायची. हवं असलेलं पान फेराइटमध्ये नसेल तर यंत्र स्वतः थांबे, पिंपावरून ते आणी आणि काम पुढे चालू करी.

आता फेराइटमध्ये पानं मावत फक्त ३२. नवं पान आणायचं तर जुनं कोणतं तरी बाहेर गेलं पाहिजे. यासाठी ॲटलसमध्ये लिहिलेली युक्ती मला आजही या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. प्रत्येक पानाला एक खूण जोडलेली होती, त्या पानाला हात लागला की ती उमटे. ठरावीक सूचनांनंतर यंत्र या खुणा वाचून पुसून टाकी. त्यावरून प्रत्येक पानाविषयी दोन गोष्टी कळत. ते आत्ता किती वेळ स्वस्थ पडून आहे, आणि याआधी पडून होतं तेव्हा किती वेळ पडून होतं. एखादं पान मागच्या खेपेपेक्षा जास्त काळ पडून राहिलं तर त्याचं काम संपलं असा तर्क करून ते पिंपावर पाठवायचं. असं कोणतंच पान सापडलं नाही, तर ज्याची पुन्हा गरज सर्वांत उशिरा लागेल असा अंदाज निघतो ते काढायचं. शिवाय पान ठेवायची एक चौकट कायम रिकामी ठेवलेली असे, म्हणजे येणाऱ्या पानाला जाणाऱ्याची वाट पाहावी लागत नसे. महाडच्या दुकानातला मोकळा कोपरा तो हाच. यंत्राने मागच्या सवयीवरून पुढची गरज ओळखायची, ही कल्पना तेव्हा इतकी नवी होती की तिला ‘शिकणारा प्रोग्राम’ असंच म्हटलं गेलं.

पुढची काही वर्षं या अंदाजाच्या मोजमापात गेली. आयबीएममध्ये काम करणारे लास्लो बेलाडी हे मूळचे हंगेरीचे. त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की सर्वांत चांगला नियम कोणता ते सांगता येतं: ज्या पानाची पुढची गरज सर्वांत लांब आहे ते काढा. अडचण एवढीच की त्यासाठी भविष्य माहीत हवं. म्हणून हा नियम वापरता येत नाही, पण बाकीचे नियम त्याच्याशी ताडून पाहता येतात. तीन वर्षांनी बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी चक्रावणारी गोष्ट मांडली. ‘जो आधी आला तो आधी जाईल’ हा साधा नियम लावला, तर मेमरी वाढवल्यावर खोळंबा कमी होण्याऐवजी कधीकधी वाढतो.

महाडच्या अलीकडे लोणेरे इथे १९८९ मध्ये स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथे किंवा राज्यातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकलेल्या मुलाला हे गणित ओळखीचं असतं. पानं या क्रमाने मागितली जातात: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. तीन चौकटी असतील तर नऊ वेळा पान बाहेरून आणावं लागतं, चार असतील तर दहा वेळा. वहीत चौकोन आखून हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. पुष्कळांसाठी हे परीक्षेपुरतं उरतं, याचं मला वाईट वाटतं. कारण या बारा आकड्यांत एक मोठी गोष्ट आहे. जागा वाढवणं पुरेसं नसतं, कोणाची जागा घ्यायची हे ठरवण्याची रीतही शहाणी हवी.

याच सुमारास पीटर डेनिंग या तरुण संशोधकाने वेगळ्याच दुखण्यावर बोट ठेवलं. एका यंत्रावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवू लागल्यावर एका मर्यादेपर्यंत सगळं सुरळीत चाले, आणि मग अचानक यंत्र जवळपास ठप्प होई. प्रोसेसर रिकामा बसलेला, डिस्क मात्र अखंड धावतेय. प्रत्येक प्रोग्रामला आपली पानं आणायला दुसऱ्याची काढावी लागत होती, आणि दुसऱ्याला ती लगेच परत हवी होती. सगळा दिवस एकच माल जिन्यावरून वर-खाली चाललाय आणि विक्री शून्य, अशी ती गत. डेनिंग यांनी १९६८ मध्ये सांगितलं की प्रत्येक प्रोग्रामला त्या त्या घटकेला लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. तो संच पुरा मावत असेल तरच त्या प्रोग्रामला चालू द्या, नाहीतर सबंध बाजूला थांबवून ठेवा. सगळ्यांची थोडी थोडी जागा काढून घेण्यापेक्षा एकाला पूर्ण थांबवणं सर्वांच्या हिताचं ठरतं. हा विचार त्यात होता, आणि तो पुढे फार दूरवर गेला.

एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी सोपी रीत काढली. पानं वर्तुळात मांडलेली, एक काटा त्यांच्यावरून फिरतो. हात लागल्याची खूण असेल तर ती पुसून पुढे जायचं, खूण नसेल तर ते पान उचलायचं. म्हणजे प्रत्येक पानाला एक फेरीची मुदत मिळते. या रीतीची वंशावळ आजच्या बहुतेक प्रणालींपर्यंत येते. १९७० च्या दशकाच्या शेवटी बर्कलीत ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय या विद्यार्थ्यांपुढे व्हॅक्स यंत्र आलं, तर त्यात ही खूणच नव्हती. त्यांनी पानं मुद्दाम ‘गैरहजर’ म्हणून नोंदवून ठेवली. प्रोग्राम तिथे गेला की यंत्र अडखळे, आणि त्या अडखळण्यावरूनच पानाला हात लागल्याचं कळे. यंत्राची उणीव सॉफ्टवेअरने भरून काढल्याचं इतकं सुंदर उदाहरण क्वचित मिळतं.

आता १९९१ च्या नाताळात जाऊ. हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स हा विद्यार्थी लिनक्स ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होता. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याच्या संगणकात फक्त दोन मेगाबाइट मेमरी होती, त्यात लिनक्सचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, तयार करण्याचं काम मावत नव्हतं. लिनसच्या स्वतःच्या यंत्रावर ही अडचण नव्हती. तरी त्याने सुटीच्या दिवसांत बसून पानं डिस्कवर पाठवण्याची सोय लिहिली, आणि जानेवारी १९९२ च्या ०.१२ या आवृत्तीत ती दिली. या छोट्या प्रसंगाला इतिहासात मोठी जागा मिळायला हवी. आपल्या टेबलावर न दिसणारी अडचण दुसऱ्याची म्हणून खरी मानली गेली, आणि लिनक्स पुढे ज्यांच्याकडे साधं यंत्र आहे त्यांच्याकडे पोचू शकलं.

आणि आता रायगड. २००७ च्या अखेरीस कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वस्तीतल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हे स्वप्न एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये मांडलं होतं, आणि भारतातला त्याचा पहिलावहिला प्रयोग इथे झाला. महाडशेजारचं पोलादपूर जिल्ह्याच्या एका टोकाला, कर्जत दुसऱ्या. पण डोंगर तोच आणि शाळाही तशीच, एका खोलीत पहिली ते चौथी.

एक्सओ नावाच्या त्या लॅपटॉपमध्ये मेमरी होती २५६ मेगाबाइट. त्या वर्षी शहरातल्या दुकानात मिळणाऱ्या साध्या लॅपटॉपमध्येही याहून बरीच जास्त असे. आत चालत होतं लिनक्स. हार्ड डिस्क नव्हती, होती एक गिगाबाइट फ्लॅश. फ्लॅशवर पुन्हापुन्हा लिहिलं की ती झिजते, म्हणून पानं तिच्यावर पाठवण्याची सोय बंद ठेवलेली. म्हणजे सतराशे साठ तडजोडी करून स्वस्त केलेल्या या यंत्राला माळाच नव्हता.

अशा यंत्रात काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास तिथून वळतो. मेमरीतली पानं दोन जातींची. एक, फायलीतून जशीच्या तशी आलेली, उदाहरणार्थ प्रोग्रामच्या सूचना. ही बिनधास्त टाकून देता येतात, लागली तर फायलीतून पुन्हा वाचता येतात. दुसरी, मेमरीतच जन्मलेली. मुलाने आत्ता काढलेलं चित्र, लिहिलेली ओळ. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, त्यामुळे ती टाकता येत नाहीत आणि पाठवायला जागा नाही. मुलाने एकामागून एक तीन-चार खेळ उघडले की मेमरी दुसऱ्या जातीच्या पानांनी भरते. मग कर्नल पहिल्या जातीच्या मागे लागतं, आणि चालू असलेल्या प्रोग्रामच्याच सूचना टाकू लागतं. त्या पुढच्याच क्षणी परत हव्या असतात. फ्लॅशवरून वाचायच्या, दाबून साठवलेल्या असतात म्हणून उलगडायच्या, पुन्हा टाकायच्या. पडद्यावरचा बाण गोठतो. डेनिंग यांचं १९६८ चं दुखणं, चार दशकांनी, मुलाच्या मांडीवर. शेवटी कर्नल नाइलाजाने एखादा प्रोग्राम सरळ मारून टाकतं. तो कोणता हे ठरवायला लिनक्समध्ये हिशेब आहे, पण त्या हिशेबाला मुलाचा जीव कशात गुंतलाय हे ठाऊक नसतं.

एक्सओच्या रचनाकारांनी एका बाबतीत फार दूरचं पाहिलं होतं. त्यांच्या ‘शुगर’ या पडद्यावर काम जतन करण्याची जबाबदारी मुलावर टाकलेली नव्हती. एका खेळातून दुसऱ्यात जाताना पहिला आपलं काम आपणच रोजनिशीत लिहून ठेवी. म्हणजे प्रोग्रामने ‘मी कधीही जाऊ शकतो’ असं धरूनच वागायचं. मोठ्या प्रमाणात लॅपटॉपचा तो प्रकल्प भारतात रुजला नाही. केंद्र सरकारने तर २००६ मध्येच नकार दिला होता. पण कधीही जायची तयारी ठेवण्याचा हा विचार टिकला.

डिस्क नसलेल्या यंत्रांच्या अडचणीवर एक उत्तर नितीन गुप्ता या भारतीय प्रोग्रामरकडून आलं. बाहेर पाठवायला जागा नसेल तर पान मेमरीतच दाबून ठेवायचं. बहुतेक पानांत पुनरावृत्ती खूप असते, त्यामुळे ती निम्म्या किंवा त्याहून कमी जागेत मावतात. प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण फ्लॅश झिजत नाही. ‘कॉम्पकॅश’ या नावाने सुरू झालेलं हे काम २०१० मध्ये लिनक्सच्या प्रायोगिक भागात शिरलं आणि मार्च २०१४ मध्ये ‘झेडरॅम’ म्हणून मुख्य भागात स्थिरावलं. दरम्यान ऑक्टोबर २०१३ मध्ये अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती आली. ५१२ मेगाबाइटच्या फोनवरही ती चालावी असं उद्दिष्ट ठेवून बनवलेली, आणि त्यासाठी झेडरॅमचा आधार घेतलेली. सप्टेंबर २०१४ मध्ये एक गिगाबाइटचे अँड्रॉइड वन फोन जगात सर्वांत आधी भारतात विक्रीला आले. २०१७ चा जिओफोन तर ५१२ मेगाबाइटचा. महाडच्या एसटी स्टँडवर, पोलादपूरच्या बाजारात दिसू लागले ते हेच फोन.

एव्हाना विचाराची दिशाही बदलली होती. ॲटलसपासून सगळी धडपड अंदाज बांधण्याची होती. प्रोग्रामला न विचारता, त्याच्या सवयींवर नजर ठेवून ठरवायचं. पण काय सोडता येईल हे खरं तर प्रोग्रामलाच माहीत असतं. ब्राउझरने पटकन दाखवता यावं म्हणून साठवलेलं चित्र पुन्हा मागवता येतं, तुम्ही टाइप केलेला अर्ज मागवता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्या कर्नलला दोन्ही सारखीच. मग प्रोग्रामलाच सांगू द्यावं, या दिशेने पावलं पडली. मार्च २०१६ च्या लिनक्स ४.५ मध्ये प्रोग्रामला म्हणता येऊ लागलं की ही पानं मला नकोत, गरज पडेल तेव्हा खुशाल घ्या, घाई नसेल तर राहू द्या. अँड्रॉइडने त्याआधीच, २०११ पासून, उलट बाजूने हाक द्यायला सुरुवात केली होती. मेमरीची चणचण किती आहे ते ॲपला कळवायचं, आणि शक्य तेवढं सोडायला सांगायचं. जो प्रामाणिकपणे सोडेल तो मारला जाण्याची शक्यता कमी.

मोजमापही बदललं. किती मेगाबाइट शिल्लक आहेत हा आकडा फसवा असतो, कारण लिनक्स रिकाम्या मेमरीत फायली साठवून ठेवतं आणि ती सतत भरलेलीच दिसते. फेसबुकमधल्या योहानेस वायनर यांनी वेगळी गोष्ट मोजली: मेमरीची वाट पाहण्यात कामांचा किती वेळ वाया जातोय. डिसेंबर २०१८ मध्ये हे लिनक्समध्ये आलं, पुढच्या वर्षी अँड्रॉइड १० ने त्यावरून कुणाला बंद करायचं ते ठरवायला सुरुवात केली. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये गूगलच्या यू झाओ यांची नवी रीत आली. तीत पानांच्या वयानुसार पिढ्या केल्या जातात आणि सर्वांत जुनी पिढी आधी तपासली जाते. खूण तीच, ॲटलसमधली, फक्त तिचा हिशेब शहाणा झाला.

एवढं सगळं होऊनही शेवटचा टप्पा कर्नलच्या हातात नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची पद्धत आली. पोलादपूरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या कडेला उभं राहून गट नंबर, पीक, क्षेत्र भरायचं आणि फोटो काढायचा. कॅमेरा हा फोनमधला फार भुकेला प्रोग्राम. एक-दोन गिगाबाइटच्या फोनवर तो उघडला की जागा कोणाची जाणार? पडद्यामागे गेलेल्याची, म्हणजे नेमकी त्या अर्जाची. अँड्रॉइडच्या नियमांत यात काही गैर नाही. मारण्याआधी ते ॲपला आपली स्थिती लिहून ठेवायची संधी देतं आणि परत आल्यावर ती हातात ठेवतं. ॲप लिहिणाऱ्याने ही संधी घेतली असेल तर शेतकऱ्याला काही झाल्याचं कळतही नाही. घेतली नसेल तर अर्ज कोरा, रेंज गेलेली, आणि पाऊस आलेला.

पुण्या-मुंबईत आठ-बारा गिगाबाइटच्या फोनवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. दिसावं म्हणून अँड्रॉइडने डेव्हलपरसाठीच्या पर्यायांत एक खटका ठेवलेला आहे. तो चालू केला की वापरणारा बाजूला वळताक्षणी ॲपचा मागचा पडदा मोडून टाकला जातो, मेमरी कितीही मोकळी असो. कोणताही सरकारी अर्ज गावागावांत पाठवण्याआधी हा खटका चालू करून तो एकदा भरून पाहावा, मध्येच कॅमेरा उघडावा, फोन घ्यावा आणि परत यावं. ही अट कामाच्या करारातच लिहिलेली असली पाहिजे. तिला पैसे लागत नाहीत, एक दुपार पुरते.